सीन पयलो

मिठबावहून ओरोसला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची, पदर कमरेला खोचलेला. मोबाइल तोंडाजवळ धरून ती त्यात रेकॉर्ड करत होती, "सीन पयलो. सकाळ. बंदर."

मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पिक्चर लिवतंय. आजच सुरवात केलंय."

पुढच्या सीटवरचा माणूस वळून हसला. "काकी, पिक्चर मुंबयत लिवतत. तुझो पिक्चर कोण बघतलो?"

"पिक्चरात आमी खंय असतंव?" ती शांतपणे म्हणाली. "हिरो-हिरोईन नाचतत आणि आमी मागसून मासळीची पाटी घेवन जातंव. माझ्या पिक्चरात बाई ती पाटी खाली ठेयतली आणि बोलतली."

डोक्यावर पाटी घेतलेल्या कितीतरी बायका मी पडद्यावर पाहिल्या होत्या. एकीचाही आवाज मला आठवेना.

आणखी दोघे हसले. तिने घसा खाकरला आणि आधीपेक्षा मोठ्याने पुन्हा सुरुवात केली. वाक्य मनासारखं झालं नाही की मान हलवून ती पहिल्यापासून सांगे. हळूहळू आजूबाजूची कुजबुज थांबली.

ओरोसला ती उठली तेव्हा पुढच्या सीटवरच्या त्याच माणसाने विचारलं, "मगे ती बाई काय बोलता?"

"थेटरात येवन आयक," म्हणून ती उतरून गेली.