हात लावू नये

मी लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी सहीपलीकडे फारसं लिहिलेलं नाही, आणि माझं मराठी प्रयोगवहीत वाढलेलं. तरीही हे सांगावंसं वाटतं.

पालघरच्या आमच्या कॉलेजातून शाळांना विज्ञान शिकवायला मुलं पाठवायची ठरली, तेव्हा मला कुंभवलीजवळची एक प्राथमिक शाळा मिळाली. विषय परसबाग. मुलांनी स्वतःच्या हातांनी करून शिकायचं, पुस्तक बंद. शाळेत निम्मी मुलं कारखान्यांत कामाला आलेल्यांची, निम्मी डोंगराकडची. उन्हाळी सुट्टीच्या आधी मी त्यांना दोन वाफे आखून दिले आणि मोठ्या उत्साहात म्हणालो, "घरी करता तशी जमीन तयार करा."

पुढच्या सोमवारी गेलो, तर एक वाफा काळाकुट्ट. वर राख.

"राब भाजला, सर," तिसरीतली एक मुलगी म्हणाली. "पाला टाकला, शेण टाकलं, पेटवला. तुमीच बोलला ना, घरी करता तसा." तिच्या फ्रॉकच्या खिशात आईने घरच्या बियाण्यातून काढून दिलेली मूठभर नाचणी होती. पाऊस पडला की इथे पेरायची, असं तिचं ठरलं होतं.

माझे बाबाही दरवर्षी राब भाजतात. पण तो माझ्या अभ्यासक्रमात नव्हता, म्हणून माझ्या डोक्यातही आला नव्हता.

मुख्याध्यापक धावत आले. "अहो, परसबाग सांगितली होती, होळी नाही!" शाळेमागच्या सोसायटीतल्या कुणीतरी धुराचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता: शाळेत प्रदूषण. फोटोत वाफ्यामागे कारखान्याच्या तीन चिमण्या धूर सोडत उभ्या होत्या, पण त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

दुपारी शाळा समितीचे लोक पाहणीला आले, नाकाला रुमाल लावून. राख केव्हाच थंड झाली होती. तेवढ्यात वारा फिरला आणि कंपन्यांचा सडक्या अंड्यासारखा वास आला. माझे डोळे चुरचुरले. समितीने बोलायला रुमाल खाली घेतले.

"वास येतोय," मी चाचरत म्हणालो.

"तो रोजचाच हो," एक सदस्य म्हणाले. "या धुराचं बोला."

निर्णय झाला की वाफा उकरून तिथे फरशी घालायची आणि वर रोपवाटिकेतून आणलेल्या मनीप्लँटच्या कुंड्या मांडायच्या. बाग लगेच हिरवी, मुलांचे हातही स्वच्छ.

मुलीने खिसा घट्ट धरला. "मग माजी नाचणी कुठं पेरू?"

मी मुख्याध्यापकांकडे वळलो आणि तोंडातून निघालं, "सर, हा प्रयोग आहे. एक वाफा भाजलेला, एक न भाजलेला. कुठे चांगलं उगवतं, याची तुलना."

'प्रयोग' म्हटल्यावर सगळे गंभीर झाले. फरशी रद्द झाली. मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी सुबक फलक रंगवून घेतला आणि जळलेल्या वाफ्यात रोवला: वैज्ञानिक प्रयोग. हात लावू नये.

मुलांनी तो मोठ्याने वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चिमण्यांकडे पाहिलं.

दुसरा वाफा मराठवाड्याकडच्या एका मुलाच्या ताब्यात होता. "आमचं जाळल्याबिगर येतंय का न्हाई बघ," तो तिला म्हणाला.

"येल ना. गवत येल," ती म्हणाली. "बकऱ्या आन मग."

सुट्टी लागली, माझं तिथलं काम संपलं. जूनमध्ये शाळेतल्या बाईंनी कळवलं की दोन्ही वाफ्यांत नाचणी पेरली आहे. पुढे परीक्षा आल्या आणि मला जाता आलं नाही. रोज मनात यायचं, रोपं मोठी झाली असतील, आता ती उपटून दुसरीकडे लावायला हवीत, नाहीतर दाटीत तिथेच वाया जातील. आणि तिथे तर फलक.

परवा बाईंच्या फोनवरून त्या मुलीचा निरोप आला.

"सर, नाचणी जाम आली. त्याच्या वाफ्यात पन आली, पर गवतात गावत नाय. आमी माजी सगळी उपटली आन कुंपनाच्या कडंनं लावली. त्यानं पन हात लावला लावायला. मोठे साहेब आलते बाग बघाया. मुख्य सरांनी त्यांना फलकापाशी उभं करून फोटो काडला. वाफ्यात कायच नव्हतं, सर. साहेब बोलले, प्रयोग छान हाय."