काउंटरच्या अलीकडे

पावण्याच्या एमआयडीसीत नळाच्या तोट्या बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तिथं स्टोअरकीपरची जागा निघाली तेव्हा चांगदेव घरतने मालकाला एकच गोष्ट विचारली, बसायला खुर्ची आहे ना. मालकाला वाटलं, माणूस गंमत करतोय. पगार, सुट्ट्या, ओव्हरटाइम, कशाचाच विषय त्याने काढला नाही. खुर्ची आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर झाला.

त्याआधी चांगदेव चौदा वर्षं उभा होता.

वेस्ट इंडीजकडच्या एका बेटावर, बंदरापासून चालत पाच मिनिटांवर, एका सिंधी शेठचं जवाहिराचं दुकान होतं. चांगदेव तिथं सेल्समन होता. मूळचा तो उलव्याजवळच्या गावातला. बापाने जन्मभर मिठागरात काम केलं. जमीन नव्या शहरात गेली, बदल्यात मिळालेला प्लॉट चार भावांनी बिल्डरला दिला आणि चांगदेवच्या वाट्याला दोन खोल्यांचा फ्लॅट आला. बारावीनंतर तो एक्स्पोर्टच्या एका कारखान्यात दागिन्यांत खडे बसवायला शिकला होता. खड्याची पारख आली, हसरा चेहरा होता, इंग्रजी कामापुरतं जमत होतं. शेठच्या मेव्हण्याने त्याला तिथूनच उचललं. मुलगा निकेश तेव्हा सहा वर्षांचा होता, मुलगी दिशा दोन वर्षांची.

बेटावर सकाळी सातला जहाजं लागायची, कधी एक, कधी चार. हजारो माणसं टोप्या घालून खाली उतरायची आणि साडेचारला परत जहाजावर जायची. जे काही विकायचं ते तेवढ्या वेळात. शेठने काउंटरमागे स्टूलसुद्धा ठेवलं नव्हतं. बसलेला सेल्समन गिऱ्हाइकाला आळशी दिसतो, असं त्याचं म्हणणं. चांगदेव उभ्याउभ्याच मखमलीच्या ट्रेवर निळे-जांभळे खडे मांडायचा आणि बोलायचा. हा खडा जगात एकाच डोंगरात सापडतो, मॅडम. डोंगर संपत आलाय. तुमच्या मुलीला हा बाजारात मिळणार नाही. शेवटचं वाक्य खरं की खोटं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो दिवसातून साठ-सत्तर वेळा ते म्हणायचा. संध्याकाळी खोलीवर आला की घसा बसलेला असायचा आणि पायांच्या शिरा दोऱ्यासारख्या वर आलेल्या असायच्या.

घरी फोन रविवारी. बरा आहे, पोरं कशी आहेत, पैसे मिळाले का, ठेवतो. चंदा, त्याची बायको, बेलापूरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. तिच्याकडे सांगायला पुष्कळ असायचं. सासऱ्याचं आजारपण, निकेशची शाळा, सोसायटीतल्या पाण्याची भांडणं. ती सांगत राहायची आणि पलीकडून नुसतं ‘हं’ यायचं. पुढे पुढे तिनेही सांगणं कमी केलं. वर्षातून महिनाभर तो यायचा तेव्हा बॅगेत चॉकलेटं, सेंट, टी-शर्ट असायचे. खडा कधी आणला नाही. दिशाने एकदा हट्ट धरला, तर तो म्हणाला, सगळे सारखेच असतात गं.

२०२० साली जहाजं थांबली. दुकानाचं शटर खाली आलं. पाच महिने तो खोलीत बसून राहिला आणि सरकारने सोडलेल्या एका विमानाने परत आला, तो कायमचा. नंतर शेठचे तीन फोन आले. चांगदेवने घेतले नाहीत.

यंदा लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून निकेशने आईबापांना क्रूझची तिकिटं काढून दिली. निकेश नव्या विमानतळावर कार्गोत कामाला आहे, ऑफिसातून त्याला सवलत मिळाली. चेन्नईहून जहाज, पाच दिवस, श्रीलंकेची दोन बंदरं. चंदा हरखली. तिने दोन पंजाबी ड्रेस घेतले आणि दिशाकडून पांढरे बूट मागून घेतले. चांगदेवला जायचं नव्हतं, पण नाही म्हटलं की कारणं सांगावी लागली असती, आणि तेवढं बोलायचा त्याला कंटाळा होता.

चौदा वर्षं रोज जहाजं बघूनही त्याने एकावरही कधी पाऊल ठेवलं नव्हतं. वर चढल्यावर पहिले दोन दिवस तो खाटेवर पडून राहिला. चंदा एकटीच जहाज पालथं घालून यायची आणि काय काय पाहिलं ते सांगायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती हातात एक नकाशा घेऊन आली. खालच्या हॉलमध्ये एका बाईने खरेदीवर भाषण दिलं होतं. नकाशावर काही दुकानांवर तारे छापले होते, तिथंच खात्रीचा माल मिळतो म्हणे. सोबत एक कूपन होतं. ते दाखवलं की एक खडा फुकट.

चांगदेवने कूपन उलटसुलट करून पाहिलं. नकाशावर तारा छापून घ्यायला दुकानदाराला जहाजवाल्यांना किती द्यावे लागतात ते त्याला माहीत होतं. शेठ दर वर्षी त्यावरून कुरकुरायचा. फुकटचा खडा मुगाएवढा असतो, आणि तो न्यायला आलेल्या दहांतले दोघे तरी काहीतरी विकत घेतात, हेही माहीत होतं. त्याने कूपन तिला परत दिलं. चंदाने ते नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं.

त्रिंकोमालीला उतरल्यावर बसने आधी देऊळ दाखवलं आणि मग थेट ताऱ्याच्या एका दुकानापाशी नेऊन सोडलं. आत एसी होता. इतर प्रवासी पुढच्या काउंटरांवर पांगले, हे दोघं अगदी कोपऱ्यातल्या काउंटरवर गेले. तिथं पंचेचाळिशीचा, केस रंगवलेला एक सेल्समन होता. छातीवर नावाची पट्टी, रंजन. त्याने चंदाला खुर्ची दिली, कूपन घेतलं, मुगाएवढा खडा प्लास्टिकच्या डबीत घालून दिला, आणि लगेच मखमलीचा ट्रे पुढे ओढून नीलमाची एक अंगठी तिच्या बोटात सरकवली.

मग तो इंग्रजीत बोलायला लागला, हळू, गोड आवाजात, बराच वेळ. चंदाला हिंदी समजते, इंग्रजी नाही.

“काय म्हनतोय?” तिने विचारलं.

“खडा चांगला हाय म्हनतोय,” चांगदेव म्हणाला.

“एवढा लांब बोलला, आनि एवढंच?”

रंजन पुन्हा बोलला, तिचा हात दिव्याखाली जरासा फिरवत. चंदाने नवऱ्याकडे पाहिलं आणि बजावलं, सगळं सांगा, जसंच्या तसं सांगा, मधलं गाळू नका.

तेव्हा चांगदेवने सांगायला सुरुवात केली. हा म्हणतो, तुझ्या हाताचा रंग असा आहे की त्यावर निळा खडा उठून दिसतो. गोऱ्या हातावर तो मरतो. हा म्हणतो, या हातांनी खूप काम केलेलं दिसतं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी केलंस, आता एक वस्तू स्वतःसाठी घे. सांगताना त्याने बायकोकडे पाहिलं नाही, ट्रेकडे पाहिलं. पुढचं वाक्य रंजनने अजून उच्चारलं नव्हतं, तरी चांगदेव सांगून गेला. माणूस खडा निवडत नाही, खडाच माणसाला निवडतो. आणि मग रंजन इंग्रजीत तेच म्हणाला.

चंदाचं लक्ष आता अंगठीवर नव्हतं.

“तुमीपन असंच बोलायचात?”

“हो.”

“रोज?”

“रोज. जहाज आलं की.”

तिचा हात अजून दिव्याखालीच होता. रंजन अदबीने थांबला होता, नवरा-बायको किमतीचं बोलत असावेत असं त्याला वाटलं.

“चौदा वर्सं,” ती म्हणाली. “मी म्हनायची, या मानसाला बोलताच येत नाय. देवाने तोंड दिलं नाय म्हनून मनाची समजूत घातली.”

तिने विचारलं, त्याचं सगळं ऐकलं, आता तुमचं सांगा, हा खडा कसा आहे. चांगदेवने अंगठी तिच्या बोटातून काढून घेतली आणि सवयीने दिव्यासमोर तिरकी धरली. मग सांगितलं. खडा खरा आहे. रंग उठावा म्हणून भट्टीत तापवलाय, ते सगळेच करतात. आत एका बाजूला धुरकट आहे, म्हणून हा दिवा असा लावलाय. किंमत सांगेल त्याच्या तिसऱ्या हिश्शात देईल. पाहिजे असेल तर घेऊ, पैसे आहेत.

शेवटचं वाक्य तो मनापासून बोलला होता. अंगठी घ्यायची त्याची तयारी होती.

चंदाने मान हलवली. तिला ती अंगठी नको होती. नीलम कोणालाही लाभत नाही असं तिची आई म्हणायची, हे एक कारण तिने सांगितलं. दुसरं सांगितलं नाही.

अंगठी धरायची चांगदेवची पद्धत पाहून रंजन मात्र ओळखायचं ते ओळखून चुकला होता. त्याचा गोड आवाज गेला आणि साध्या आवाजात त्याने विचारलं, कुठलं बंदर, किती वर्षं. चांगदेवने सांगितलं. रंजन याच दुकानात नऊ वर्षं होता. जहाजं महिन्यातून चार-सहाच येतात, आली की सगळा भार त्या दिवसांवर. आज सकाळपासून त्याच्या काउंटरवरून काही गेलं नव्हतं. बोलताना तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होता.

चंदाने ते पाहिलं. हा माणूस केव्हापासून उभा आहे, तिने विचारलं. सकाळी सातपासून, चांगदेवने रंजनला विचारून सांगितलं. मग बसत का नाही? चांगदेवने छताकडे बोट केलं. तिथं कॅमेरा होता.

चंदा उठायला लागली होती, ती परत बसली.

“याची भवानी व्हायची हाय,” ती म्हणाली. “आपल्याला असं उठून जाता येयाचं नाय.”

तिने ट्रेमधली लाल खड्यांची छोटी कानातली दाखवली, दिशासाठी. किंमत ऐकल्यावर चांगदेव बोलणार होता, पण तिने त्याला हाताने थांबवलं. बाजारात बोंबलाच्या पाट्या विकून म्हातारी व्हायला आलेली बाई होती ती. बोटं दाखवून, मान हलवून, एकदा पर्स बंद करून आणि एकदा उघडून तिने घासाघीस केली. इंग्रजीचा एक शब्द न वापरता तिने भाव निम्म्याच्याही खाली आणला, आणि जिथं रंजनच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी दिसली तिथं ती थांबली. पैसे दिले तेव्हा रंजनने ते कपाळाला लावले. ते पाहून चंदाला बरं वाटलं असावं. पण चांगदेवशी ती बसमध्ये एक शब्द बोलली नाही.

जहाज पाचला सुटलं. दोघं वर डेकवर लांब खुर्च्यांवर जाऊन बसले. चांगदेवने बूट काढले, पाय वर घेतले. किनारा मागे जात होता. बऱ्याच वेळाने चंदाने विचारलं, सगळी वाक्यं पाठ होती का. तो म्हणाला, हो, पहिल्याच महिन्यात पाठ झाली. मग त्याने स्वतःहून सांगितलं. दिवसभर तेच तेच गोड बोललं की संध्याकाळी कोणतंही चांगलं वाक्य तोंडात आलं तरी ते विकायचंच वाटायचं. तुझ्याशी बोलायला घ्यायचो आणि मलाच खोटं वाटायचं. म्हणून ठेवून द्यायचो फोन.

“मग तसं सांगायचं,” चंदा म्हणाली.

“सांगायला पायजे होतं.”

तिचा राग गेला नव्हता. तिने तो लपवलाही नाही. सासरे गेले त्या आठवड्यात तिने एकटीने काय काय केलं, ते तिने आता सांगितलं. फोनवर त्याला फक्त बाबा गेले एवढंच कळलं होतं. सुतकाचे दिवस संपल्यावर तिसऱ्याच सकाळी ती पाटी घेऊन बाजारात बसली होती आणि एका गिऱ्हाइकाला जवळा ताजा सुकवलेला आहे म्हणून सांगताना तिचा आवाज फुटला. ते गिऱ्हाईक घाबरून न घेताच गेलं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. चांगदेवने पुढे काय झालं विचारलं, त्या दिवशी कोण होतं सोबत, निकेश कुठे होता. ती एकेक सांगत गेली. काही ठिकाणी त्याला माणसं आठवत नव्हती, तेव्हा ती चिडून पुन्हा सांगायची. गोजरामावशी म्हणजे कोण, हेही त्याला दोनदा विचारावं लागलं. ती बाजारात चंदाच्या शेजारी बारा वर्षं बसली होती.

जेवणाच्या पहिल्या पाळीची घोषणा झाली, मग दुसरीची. दोघांनाही उठवेना. शेवटी ते खाली गेले तेव्हा माणसं टेबलं पुसत होती. दहीभात आणि पापड एवढंच उरलं होतं. वाढणाऱ्याने दोन ताटं भरली आणि तो खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला लागला. चंदा जेवता जेवता गोजरामावशीच्या मुलीच्या लग्नाचं सांगत होती, ते अर्धवट राहिलं होतं. चांगदेवचे डोळे मिटत होते. तिने ते पाहिलं, उरलेलं उद्या सांगते म्हणाली, आणि त्याच्या ताटातला पापड उचलून खाल्ला.