अंगणातली अष्टग्रही

आम्हांला ग्रहतारे शिकवणाऱ्या ग्रहसरांनी तारा म्हणून एकही दाखवला नाही. पुसदच्या कॉलेजात आम्हां आर्ट्‌सवाल्यांना सामान्य विज्ञान सक्तीचं होतं आणि त्यातला आकाशाचा भाग सरांकडे होता. रात्री गच्चीवर वर्ग भरवा, असा मुलांनी हट्ट धरला तेव्हा ते म्हणाले, "मुलींना रात्री घरून सोडणार नाहीत. आणि मुलींना वगळून मी शिकवणार नाही." आम्ही मुली तिघी. आमच्यापायी अख्ख्या वर्गाचं आकाश हुकलं आणि मुलांनी वर्षभर टोमणे मारून त्याचा वचपा काढला.

मग आम्ही खाली मान घालून आकाश शिकलो. सर मैदानात मोडक्या छत्रीची दांडी रोवत आणि तिची सावली मोजायला लावत. काहीही विचारलं तरी त्यांचं ठरलेलं असे, "आधी सांगा, तुम्ही उभे कुठे आहात?" मुलं कॅन्टीनमध्ये चहावाल्यालाही हेच विचारून सतावत.

अष्टग्रहीची आवई उठली त्या वर्षी मात्र सगळ्यांची थट्टा बंद झाली. सगळे ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, असं जो तो सांगू लागला. सरांनी एका मुलाला खिडकीजवळ, दुसऱ्याला मैदानातल्या निंबापाशी आणि तिसऱ्याला पार कुंपणाशी उभं केलं. आतून पाहिलं तर तिघं खांद्याला खांदा लावून होते. "इथून तसे दिसतात, एवढंच," सर म्हणाले.

दोन दिवसांनी माझा बा फुलसावंगीकडच्या आमच्या गावाहून मला न्यायला आला. महागावचं एक स्थळ सांगून आलं होतं. एकदा घरी गेले की पुसद सुटणार, हे मला ठाऊक होतं.

बा सरांना म्हणाला, "मी भेत नाई जी. पन इची माय जेवूनच नाई राह्यली. पोरगी जवळ पाह्यजे म्हन्ते. आमी धम्म घेतला तवा घरातले देव तिनंच टोपलीत भरून नदीत सोडले. तवा भेली नाई. आता ह्या शनीले काहून भेते, मले समजत नाई."

सर वाद घालतील या आशेवर मी होते. ते म्हणाले, "घेऊन जा. आई उपाशी असताना पोरीला मी काय शिकवणार? पण जग राहिलं, तर तिला परत पाठवा." बा म्हणाला, "राह्यलं तं पाठवतो." मला सरांचा भयंकर राग आला.

घरी माय भिंतीला टेकून बसली होती. मी तिला खूप समजावलं, तिनं ऐकलं नाही. शेवटी मी अंगणात माठ ठेवला, विहिरीपाशी बाला उभं केलं आणि पार लांबच्या बाभळीला बकरी बांधली. मायला दारात आणून म्हटलं, "हा मंगळ, हा गुरू, तो शनी."

"चिकटूनच तं हायेत," माय म्हणाली.

"जाऊन पाह्य."

ती माठाशी गेली, तिथून बापाशी, मग बकरीपर्यंत. चालता चालता दमली. बकरीपाशी उभी राहून तिनं वळून घराकडे पाहिलं. मग आत जाऊन चूल पेटवली. अष्टग्रही आली आणि गेली. महागावला नाही म्हणून कळवा, हे मायनंच सांगितलं. "पोरीले शिकू द्या," म्हणाली.

पुढे दिवाळीनंतर सरांची बदली झाली. निरोपाला माय हट्टानं माझ्यासोबत पुसदच्या स्टँडवर आली. दिवेलागणीची वेळ होती. तिनं सरांना विचारलं, "त्या आठातला शनी कोनता, मले दाखवा."

सरांनी पेटी खाली ठेवली आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच मान वर केली. दक्षिणेकडे बोट करून म्हणाले, "तो. पिवळसर, न लुकलुकणारा."

माय डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली. गाडी सुरू झाली, सर चढले, तरी तिची मान वरच.

"लय दूर हाय बिचारा," ती म्हणाली. "एकटाच."