रुखवतातला ढग

चहा आधी संपवा, मग सांगतो. हसताना अंगावर सांडला तर मी जबाबदार नाही!

निवृत्त झाल्यावर मला एक नाद लागला. मोबाईलवर उपग्रहाने काढलेले ढगांचे फोटो बघायचे आणि आमच्या झाशीच्या सीपरी बाजारभर पावसाचं भविष्य सांगत सुटायचं. काळं म्हणजे मोकळं आकाश, पांढरं म्हणजे ढग. त्यात शिकायचंय काय?

लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. जावई फौजी, इथे जवळच बबीन्याच्या छावणीत पोस्टिंग, घर साताऱ्याचं. झाशीच्या मराठ्यांना रुखवत जमतं की नाही, हे बघायला अख्खा सातारा येणार! बायकोनं इरेला पेटून गच्चीवर रंगीत कुरडया घातल्या. गुलाबी, हिरव्या, केशरी. अहाहा!

आणि मी फोटो उघडला. झाशीवर पांढराशुभ्र ढग!

"उचला! तुफान येतंय!" मी ओरडलो.

शेजारच्या भाभी वर बघत म्हणाल्या, "काए भैयाजी, बादर कहाँ हैं? घाम तो चटक रई!" घाम म्हणजे त्यांच्या बुंदेलीत ऊन.

"भाभीजी, सॅटेलाइट झूठ नहीं बोलता!"

बायको म्हणाली, "अहो, ओल्या आहेत!" पण ऐकतो कोण? मी स्वतः भराभर खरवडून सगळ्या परातीत कोंबल्या.

मग वाट बघितली. थेंब नाही! ऊन मात्र असं, की गच्चीवर पाय ठेववेना. परातीत सगळ्या कुरडयांचा एकच गोळा झाला.

घाबरून जावयाला फोन लावला. तो हसू दाबत म्हणाला, "काका, तो इन्फ्रारेड फोटो. त्यात जे थंड, ते पांढरं दिसतं. हे फार उंचावरचे विरळ ढग आहेत, पाऊस नसतो त्यात."

मला रडूच आलं हो! पोरीच्या रुखवताची मी माती केली होती.

पण पोर माझी गुणाची. तिनं तो गोळा वाळवला, खाली कापूस लावला आणि रुखवतात मधोमध मांडला. वर पाटी: 'बाबांचा ढग'!

विहीणबाई थबकल्या. "अगंबाई, किती सुरेख! कोणी केला?"

कुरडयांच्या दिवसापासून माझ्याशी अबोला धरलेली बायको खणखणीत आवाजात म्हणाली, "ह्यांनी! अगदी एकट्यानं!"

सगळा मांडव हसला. मीही हसलो, काय करणार? रुखवतात सगळ्यात जास्त फोटो त्या ढगाचेच निघाले. आणि गंमत बघा, ते फोटो वाचायला कोणाला उपग्रहाचं ज्ञान लागत नाही. बघताक्षणी सगळ्यांना अचूक कळतं, हे संकट कोणत्या दिशेनं आलं होतं!