पदरातला कांदा

मोबाइलवर सूचना आली: मराठवाड्यात उष्णतेची लाट, दुपारी बाहेर पडू नका. मी गारखेड्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. त्याचा वास नाकात गेला आणि लासूर स्टेशनच्या व्यापाऱ्याचं कांद्याचं खळं आठवलं.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आईसोबत तिथं कांदे निवडायला जायचे. ऊन लागू नये म्हणून प्रत्येक बाईच्या पदराच्या गाठीत एक कांदा बांधलेला असायचा. त्या दुपारी शेजारची सखूमावशी बसल्या जागीच आडवी झाली. आम्ही तिला लिंबाखाली नेलं, तोंडावर पाणी मारलं. मुकादम म्हणाला, "पदरात कांदा हाय ना? मग ऊन कसं लागंल? चला, बसा कामाला."

आईनं सावकाश गाठ सोडली आणि कांदा त्याच्या हातात ठेवला. "हा घे, खिशात ठेव अन् तूच बस उन्हात. ऊन कलंपर्यंत आमी इथून उठत नाय."

सगळ्या बाया तिच्याशेजारी बसल्या. काम जाईल म्हणून मी आईचा पदर ओढत राहिले, त्याची आज लाज वाटते. मुकादम कांदा हातात घेऊन बराच वेळ उन्हात उभा राहिला. मग तोही सावलीत आला.

आत्ता खिडकीसमोरच्या बांधकामावर भरदुपारी बाया विटा वाहतायत. ठेकेदार गाडीत एसी लावून बसलाय. मी टोपलीतला एक अख्खा कांदा उचलला आणि पायात चप्पल घातली.