डॉक्टरांचा वरचा सा

चंदीगडच्या मराठी मंडळात ट्रम्पेट शिकवायला लागल्यापासून माझं बीपी वाढलं आणि किस्सेही. बीपीला गोळी आहे, किश्शांचं काय करू? ऐका तुम्हीच!

मी फौजेच्या बँडमधून रिटायर झालेला कोल्हापूरकर. यंदा मंडळाने ठरवलं, बाप्पाच्या आगमनाला आपलीच माणसं वाजवणार. शेवटचा सूर वरचा सा, तो डॉ. साठेंकडे. पेशाने भूलतज्ज्ञ. सूर लागायच्या आधीच यांनी सांगलीला फोन केला, "आई, ये. शेवटचा सूर माझा आहे!" आईंनी लगेच विमानाचं तिकीट काढलं. आता आली का पंचाईत!

*

पहिल्या दिवशी नुसती फुसफुस. सुरापेक्षा हवाच जास्त.

"डॉक्टर, श्वास कोंडून का धरता?"

"सर, दिवसभर दुसऱ्यांच्या श्वासावर लक्ष. स्वतःचा राहूनच जातो!"

घ्या! आणि हे लोकांना भूल देतात.

*

आवाज सुधारावा म्हणून सांगितलं, रोज सकाळी एकच सूर धरा, हळू आणि लांब. दुसऱ्याच दिवशी शेजारचे सरदारजी त्यांच्या दारात.

"डॉक्टर साब, सब ठीक है जी? सुबह से कोई रो रहा है."

आतून वहिनी म्हणाल्या, "अब मैं भी रोनेवाली हूँ, भाईसाब!"

*

खरा रोग पुढेच होता. वरचा सूर आला की डॉक्टर डाव्या हाताने ट्रम्पेट ओठांवर गच्च दाबायचे. ओठांवर लाल कडं उमटायचं. अहो, ओठ असे चेपले तर ते थरथरणार कसे, आणि सूर निघणार कुठून? "दाबू नका हो! हवा सोडा!" ओरडून ओरडून माझाच आवाज बसला.

डॉक्टरांनी टॉर्च मारून माझा घसा बघितला आणि गंभीरपणे म्हणाले, "सर, तुम्ही फार जोर लावता."

मी कपाळावर हात मारला!

*

इथल्या नॉलेज सिटीतल्या संस्थेत शिकवणारे जोशी प्राध्यापक आमचे दुसरे ट्रम्पेटवाले. त्यांनी मोबाइलवर सूर मोजायचं ॲप लावलं.

"लागला का सा?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीतरी लागलंय. ॲपने नाव सांगायला नकार दिला."

त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा रडवेले झाले. "आई येतेय हो सर!" मलाही वाईट वाटलं. पण घरी जाऊन या माणसाने काय करावं? ट्रम्पेटला ओठांशी लावायचा नवा माउथपीस मागवला!

*

आगमनाचा दिवस. डॉक्टर नव्या माउथपीससह हजर. आई समोरच, हातात आरतीचं तबक. शेवटची ओळ आली, आणि आईंनी पुढे होऊन पेटत्या निरांजनासकट ते तबक लेकाच्या डाव्या हातात दिलं!

"धर रे जरा, मला तुझा फोटो काढू दे."

मी डोळेच मिटले. डॉक्टरांनी उजव्या हाताने ट्रम्पेट कसाबसा तोलून धरला आणि फुंकला.

सा! स्वच्छ, गोल, खणखणीत! डोळे उघडले तर आई फोटो काढायचं विसरून पदराने डोळे पुसत होत्या.

धावत जाऊन डॉक्टरांना मिठी मारली. "आता कळलं ना, डॉक्टर, दाबायचं का नाही ते?"

"मला कधीचं कळलं होतं, सर," डॉक्टर म्हणाले. "जुना माउथपीसच खराब होता!"