बाबांचं 'बघतो'

बाबा आमच्या गावचे सलग चार वेळा सरपंच. मानकोलीच्या आसपास शेतांवर गोदामं उभी राहत होती, तेव्हा कुणी नळासाठी यायचं, कुणी पोराच्या नोकरीसाठी. बाबा कुणाला 'न्हाय' म्हणत नसत. काम होणार असेल तर "हाय, होईल" म्हणायचे, नसेल तर "बघतो". 'बघतो' ऐकलं की माणूस चहा संपवून गुपचूप उठायचा. सगळ्या गावाला त्याचा अर्थ ठाऊक होता आणि बाबांना वाटायचं, आपण कुणाला दुखवलं नाही!

एकदा आई ओटीवर येऊन म्हणाली, "छातीत दुखतंय. ठाण्याला दाखवून येऊ या का?" बाबा फोनवर होते. म्हणाले, "बघतो."

आई गुपचूप आत गेली. तो विषय तिने पुन्हा काढलाच नाही. आठवड्याभरात ती गेली.

तेराव्याला बाबा म्हणाले, "मी तिला खरंच नेनार होतो गं. गाडीपन सांगितली होती."

माझं डोकंच फिरलं. "मग ते तिला कसं कळायचं, बाबा?"

पुढच्या निवडणुकीला उभं राहा म्हणून गावकरी आले, तेव्हा बाबा पहिल्यांदा 'न्हाय' म्हणाले.